मास्तरांचा उजवा हात

३ मार्च

नवीन वहीचं पहिलं वाक्य चांगलं असावं, असं काकू म्हणते. मला सुचलं नाही. जे झालं ते लिहिते.

आज कामावर रुजू झाले. बाहेरून पाहणाऱ्याला रोपवाटिका वाटावी अशी जागा आहे. एकात एक दोन कुंपणं, झाडं, गवत आणि पत्र्याची एक खोली. खोलीत दोन टेबलं, नोंदवह्यांचं कपाट, हात धुवायला बेसिन. आतल्या कुंपणापलीकडे अकरा माणसं आहेत. सगळ्यांनी जिवंतपणी स्वतःच्या सहीनं देह दिलेला. कुणी उघड्यावर, कुणी चादरीत, कुणी हातभर मातीखाली. प्रत्येकावर लोखंडी जाळीचा पिंजरा, कुत्र्यांनी ओढू नये म्हणून. आपण फक्त बघायचं आणि लिहायचं. किती दिवसांत काय होतं, कोणते किडे कधी येतात, उन्हात किती वेळ लागतो आणि सावलीत किती. पुढे कधी कुठे एखादं अनोळखी प्रेत सापडलं, की ते किती दिवसांचं, हे ह्या वह्या सांगतात.

मी "अकरा माणसं होती" असं म्हणाले. इथल्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "आहेत म्हण. कागदावर नंबर लिही, तोंडात 'आहेत'."

उलटी होईल अशी भीती होती. झाली नाही. पण जेवणही गेलं नाही. बढाई नको, म्हणून दोन्ही लिहिते.

४ मार्च

बारावे आले. वय एकाहत्तर, झोपेत गेले. शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून रखवालदार मामांनी लगेच नाव ठेवलं, मास्तर. मामांचा आवाज असा, की फाटकाशी कुजबुजले तरी टेकडीवर ऐकू जावं. मास्तरांना आणताना मात्र त्यांनी फाटकाची कडीसुद्धा आवाज न करता उघडली.

मॅडमनी मला त्यांच्या अर्जातला शेवटचा रकाना वाचायला दिला. 'काही सांगायचे असल्यास' ह्यापुढे मास्तरांनी लिहिलंय: "उपयोग झाला तर घरी कळवू नये. हिला वाटेल, निवृत्तीनंतरही मी उगाच बाहेर कामं घेत फिरतोय." मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. मॅडम म्हणाल्या, "हस की. त्यासाठीच लिहिलंय त्यांनी."

मास्तरांना कडुलिंबाच्या पूर्वेला, उघड्यावर, उताणं ठेवलं. दोन्ही हात अंगालगत. पहिली मापं मी घेतली. उजवा हात अंगापासून पाच अंश. दोनदा मोजला.

९ मार्च

आज आईनं शेजारणीला सांगितलं, "आमच्या पोरीला जिवंत माणसांशी बोलायची लाज वाटते, म्हणून ही नोकरी." शेजारणीनं चहा अर्धाच ठेवला. बाबा शिवणयंत्रावरून म्हणाले, "तिथं निदान गिऱ्हाईक तक्रार करत नाही, बाह्या आखूड झाल्या म्हणून."

नाकाला बाम लावला होता, तर मॅडमनी पुसायला लावला. वास हीसुद्धा नोंद आहे म्हणे. संध्याकाळी निघताना त्यांनी चादरीतल्या आजींबद्दल सांगितलं. आजींच्या नोंदींवरून मागे एका हरवलेल्या बाईच्या मृत्यूची तारीख ठरली. तिच्या मुलाला नऊ वर्षं वाटत होतं, की आई आपल्याला टाकून निघून गेली. तारीख कळली तेव्हा कळलं, ती घराबाहेर पडली त्याच दिवशी गेली होती. दुकानातून परत येताना.

मी दिवसभर आजींच्या चादरीचे डाग मोजत होते आणि मला वाटत होतं, मी डाग मोजतेय.

१९ मार्च

आज एक गोष्ट झाली. झाली की नाही ते मला नक्की सांगता येत नाही.

मास्तरांवरच्या खांबाला एक कॅमेरा आहे. उजेड असेपर्यंत दर अर्ध्या तासाला फोटो काढतो. त्याची बॅटरी बदलायची होती, म्हणून तो बंद केला. तेवढ्यात पिंजरा उघडून तापमापकही बदलावा म्हटलं. तो हातातून निसटला आणि मास्तरांच्या खांद्याशी पडला. उचलताना माझ्या कोटाची बाही त्यांच्या कोपराला लागली. लागली असं वाटलं. कॅमेरा सुरू करेपर्यंत चाळीस मिनिटं गेली होती.

नोंदवहीत काय लिहू? 'बाही लागली असावी'? त्या वहीत 'असावी' चालत नाही. उद्या मॅडमना विचारीन.

२० मार्च

विचारलं नाही.

२ एप्रिल

मास्तरांचा उजवा हात अंगापासून सत्तावीस अंशांवर आहे. कोनमापक खराब असेल म्हणून दुसरा आणला. सत्तावीस.

पिंजऱ्याला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. मामांना विचारलं, कुणी आत गेलं होतं का? मामा गरजले, "अहो शंकाबाई, कवायतीचे मास्तर ते! हात बाजूला एक, हात बाजूला दोन! सवय जाते होय?"

मला हसू आलं नाही. एकोणीस तारखेची माझी बाही डोळ्यांसमोरून हलेना.

५ एप्रिल

धीर करून मॅडमना नोंद दाखवली. मी लिहिलं होतं: 'उजवा हात बावीस अंश हलवलेला आढळला.' मॅडमनी लाल पेन घेतलं.

"कुणी हलवला?"

"माहीत नाही."

"मग 'हलवला' कशाला? हलवणारा दिसला तर हलवला. नाहीतर हलला. अगं, सांध्यांचे बंध वाळतात, आखडतात, हात आपोआप बाहेर सरकतो. फार कमी जणांनी मोजलंय हे. तू मोजलंस." मग त्यांनी एक 'व' खोडला. "अख्ख्या संशोधनात तुला एवढंच सांभाळायचंय."

आपोआप! केवढं ओझं उतरलं. मी बाहीचं सांगणारच होते, पण त्या इतक्या खूश होत्या. आणि आता काय फरक पडतो, असंही वाटलं. हे वाक्य लिहून झाल्यावर मला ते आवडलेलं नाही.

आजपासून रोज संध्याकाळी मॅडम जुन्या वह्या माझ्याकडून वाचून घेणार आहेत. पहिल्या वर्षापासूनच्या. माझं वाचन कच्चं वाटलं असेल.

१८ एप्रिल

आज एक वकीलबाई आल्या. उन्हानं लाल झालेल्या, हातात फुगलेली फाइल. खुर्चीवर बसायच्या आधीच बोलू लागल्या.

त्यांचा अशील वायरमन आहे. विजेच्या तारा तपासत माळावरून जाताना त्याला आपल्याच खात्यातल्या एका माणसाचं प्रेत दिसलं. दोघांचं आधी कडाक्याचं भांडण झालेलं, सगळ्यांदेखत. ह्यानं मोबाइलवर एक फोटो काढला, पोलिसांना दाखवायचा म्हणून, आणि मग घाबरून पळाला. गप्प बसला. सोळा दिवसांनी पोलिसांना ते प्रेत सापडलं. मोबाइलमधल्या फोटोत उजवा हात अंगालगत आहे, पोलिसांच्या फोटोत बाजूला पसरलेला. पोलिसांचं म्हणणं, हा परत गेला, हात हलवला, खिशातलं काहीतरी काढलं. म्हणजे खून ह्याचाच.

"तो काय म्हणतो?" मॅडमनी विचारलं.

"तो तीन महिने एकच म्हणतोय. मी एकदाच गेलो, आणि हात लावला नाही. बाई, मेलेल्या माणसाचा हात आपोआप हलतो, असं मी कोर्टात बोलले तर लोक मला नारळ देतील. तुमच्याकडे काही आहे?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. डोळे चमकत होते. "आमच्याकडे मास्तर आहेत."

मी पाणी आणते म्हणून बाहेर गेले.

१९ एप्रिल, सुट्टी

सबंध दिवस काही खाल्लं नाही. आईला वाटतंय ऊन बाधलं.

लिहून काढते, म्हणजे नीट दिसेल. सांगितलं, तर सरकारी वकील म्हणतील, ह्यांच्याकडे हात हलला कारण ह्यांच्या पोरीनं हलवला. मास्तरांची नोंद बाद. वायरमन आत. न सांगितलं, तर तो सुटेल, आणि खरंच सुटायला हवा असेल तर चांगलंच आहे की! पण तो सुटायला हवा हे मला कुठून माहीत? मला हवी ती नोंद खरी आणि नको ती खोटी, असं ठरवलं तर कपाटातल्या सगळ्या वह्यांची रद्दी होईल. चादरीतल्या आजींचीसुद्धा.

दम्यामुळे अकरा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. काकू जेवायच्या टेबलाशी शुद्धलेखन घालायची. तिचा नियम होता, चूक मला सापडली तर दहा वेळा लिही, तू होऊन सांगितलीस तर एकदा. संध्याकाळी तिला विचारलं, "काकू, माझ्या चूक सांगण्यानं दुसऱ्याच कुणाला दहा वेळा लिहावं लागणार असेल तर?"

काकू शेंगा सोलत होती. "असं कसं होईल?"

"समज, झालं."

तिनं आणखी दोन शेंगा सोलल्या आणि म्हणाली, "मग लवकर सांग. म्हणजे त्याला लिहायला वेळ तरी मिळेल."

२० एप्रिल

सांगितलं.

बसायच्या आधीच सांगितलं, नाहीतर बसल्यावर जमलं नसतं. बाही, तापमापक, चाळीस मिनिटं, वीस तारखेला न विचारणं, पाच एप्रिलला गप्प बसणं, सगळं. मॅडम ऐकत होत्या. मध्येच चष्मा काढला आणि पुसला. त्यांना राग आला की चष्मा पुसतात असं मी धरून चालले आहे.

"हे तू मला आज का सांगितलंस? उद्या वकीलबाई नोंदी न्यायला येणार आहेत म्हणून?"

"हो. आणि आधी सांगायला हवं होतं म्हणून."

"किल्ली दे."

मी पिंजऱ्यांची किल्ली टेबलावर ठेवली. संपलं, असं वाटलं. तर त्यांनी दुसरी किल्ली पुढे सरकवली, कपाटाची. "एकोणीस मार्चचे सगळे फोटो काढ. आणि मागचेपुढचे पण. बसू या दोघी."

पिंजऱ्यांची किल्ली मात्र त्यांनी आपल्या खिशात टाकली.

२३ एप्रिल

चार दिवस आम्ही दुसरं काही केलेलं नाही. पन्नास दिवसांचे फोटो, दिवसाला चोवीस. मॅडम कोन मोजतात, मी लिहिते. मग मी मोजते, त्या लिहितात. एकमेकींचे आकडे बघायचे नाहीत.

मास्तरांना इतक्या वेळा पाहिलं, की आता ते मला कुठेही ओळखू येतील. ह्या माणसानं पन्नास दिवस एकदाही कंटाळा केला नाही. ऊन, वारा, एक वादळ. हात जणू कुणी दोऱ्यानं हळूहळू बाहेर ओढतंय. एका फोटोतून दुसऱ्या फोटोत काहीच दिसत नाही. एका आठवड्यातून दुसऱ्यात गेलं की दिसतं. पाच अंशांवर होता, आज पंचेचाळीसवर आहे, म्हणजे एकूण चाळीस अंश.

आणि एकोणीस मार्चला, साडेदहाच्या फोटोत बारा अंश, साडेअकराच्या फोटोत चौदा. मधला अकराचा फोटो नाही. त्याआधी आणि त्यानंतर कुठेही अशी उडी नाही.

दोन अंश. ते माझे.

रडू आलं. मॅडम म्हणाल्या, "आता काय झालं?"

"बाही खरंच लागली होती."

"अगं वेडे, चार दिवस काय शोधत होतो आपण? बाकीचे अडतीस तुझे नाहीत, हे शोधत होतो. तू सांगितलं नसतंस तर ते आपल्याला कधी वेगळे काढताच आले नसते."

हे मला अजून नीट पटलेलं नाही. पण लिहून ठेवते.

२८ एप्रिल

अहवाल तयार झाला. बाहीची गोष्ट पहिल्याच पानावर आहे, तळटीपेत नाही. वकीलबाईंनी वाचून डोक्याला हात लावला. "हे दोन अंश गाळता नाही येणार?"

मॅडम म्हणाल्या, "येतील की. मग बाकीचे अडतीसही घेऊन जाऊ नका."

खाली सहीची एकच जागा होती. मॅडमनी अहवाल माझ्यापुढे केला. "निरीक्षण तुझं, सही तुझी." म्हणजे चुकीच्या कागदावर त्यांना स्वतःचं नाव नको असणार. बरोबरच आहे. मी सही केली. मामांनी खिडकीतून पाहिलं आणि कुजबुजले, म्हणजे साऱ्या आवाराला ऐकू आलं, "मॅडमनी आपल्या जागी आजवर कुणाला सही करू दिली नव्हती!" मामांना ह्यातलं कळत नाही.

११ जून

कोर्ट.

वकीलबाईंनी आधीच दटावलं होतं, विचारलं तेवढंच बोलायचं. वायरमन समोर बसला होता. मला वाटला होता त्यापेक्षा बारीक, मनगटावर तारेनं कापल्याच्या जुन्या खुणा. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

सरकारी वकिलांनी अहवाल हातात नाचवला. "तुम्हीच लिहिलंय, तुम्ही प्रेताला हात लावला?"

"बाही लागली."

"म्हणजे स्पर्श झाला, आणि हात हलला. बरोबर? मग स्पर्शाशिवाय हलतो हे कशावरून?"

"दोन अंश मी हलवला. बाकी अडतीस अंश हलला."

"तेच ते!"

"नाही साहेब. तेच ते नाही." हे माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. मग मी फोटोंबद्दल सांगितलं, दिवस, अंश, ऊन, सगळं. न्यायाधीश मान हलवत टंकलेखकाला सांगत होते, तो खडखडत होता. शेवटी सहीसाठी जबाब माझ्यापुढे आला. जेवणाची सुट्टी झाली होती, खुर्च्या सरकत होत्या, न्यायाधीश उठले होते. मी वाचायला बसले. टंकलेखक म्हणाला, "ताई, खाली करा सही. वर काही नाही वाचण्यासारखं."

तिसऱ्या पानावर होतं: 'बाकी अडतीस अंश हात हलवला.'

उभी राहिले.

"साहेब, एक व जास्त झालाय."

न्यायाधीश दारात थांबले. "काय झालंय?"

"एक व, साहेब. हलवला नाही. हलला."

मागे कुणीतरी हसलं. सरकारी वकील म्हणाले, "आता एका व साठी सगळ्यांनी उपाशी राहायचं का?"

मी वायरमनकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. "साहेब, हलवला म्हटलं की हलवणारा लागतो. तो मग कुणीतरी शोधून आणतं."

न्यायाधीश परत येऊन बसले, पान मागवलं, स्वतः व खोडला आणि शेजारी सही केली. मग टंकलेखकाला म्हणाले, "सगळी पानं पुन्हा वाचा. मोठ्यानं."

दोन वाजेपर्यंत वाचन चाललं. आणखी एक सापडला.

बाहेर आल्यावर मॅडम व्हरांड्यात उभ्या होत्या. मी म्हटलं, "विचारलं तेवढंच बोलायचं होतं. जास्त बोलले." त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. मग खिशातून पिंजऱ्यांची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. उद्या बहुधा एकटीनं सगळ्या फेऱ्या करायची शिक्षा.

२ जुलै

वकीलबाईंचा फोन. तो परत तिथे गेला होता, हे सिद्ध होत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. मेलेला माणूस खांबावरून पडून गेला, असंही डॉक्टरांच्या कागदांवरून निघालं. वायरमन सुटला.

मामांनी ही बातमी कुजबुजून सगळ्या आवाराला सांगितली. मास्तरांच्या पिंजऱ्याशी जाऊन वेगळी सांगितली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

९ जुलै

आज फाटकाशी वायरमन आला. मामांनी आधी हाकललं, मग ओळखलं आणि मला हाक मारली.

तो हातात टोपी घेऊन उभा होता. "आत येत नाही मी, ताई. येऊ देत नाहीत, माहीत आहे. ज्यांच्या हातामुळे सुटलो, ते लांबून दाखवा. त्या दिवशी माळावर बघितलं आणि पळालो. माणूस तिथं एकटा पडला होता सोळा दिवस, आणि मी गप्प. ते काही सुटलं नाही कोर्टात."

मॅडमना विचारलं. त्यांनी बाहेरच्या कुंपणापर्यंत नेण्याची परवानगी दिली. तिथून फारसं काही दिसत नाही. कडुलिंब, कॅमेऱ्याचा खांब, पिंजऱ्याचा एक कोपरा. मी बोटानं दाखवलं.

तो बघत राहिला. "काय बोलायचं असतं?"

"काही नाही. आम्ही फक्त बघतो आणि लिहितो."

"मग मी बघतो," तो म्हणाला. "तुम्ही लिहा."

वीस मिनिटं उभा होता. हललाही नाही. गेला तेव्हा 'येतो' म्हणाला, कुणाला ते मी विचारलं नाही.

खोलीत येऊन मास्तरांचं पान उघडलं. तापमान, वारा, कोन, किडे. ह्यातल्या कुठल्याच रकान्यात बसेना. समासात लिहिलं: 'सकाळी अकरा दहा ते साडेअकरा. मास्तरांना भेटायला एक जण आले होते.' मग वाचलं. नंबराऐवजी 'मास्तर' लिहिलं होतं, आणि भेट ही काही नोंद नव्हे. तसंच मॅडमपुढे नेलं आणि दोन्ही चुका सांगितल्या.

त्यांनी लाल पेन उघडलं, ओळ दोनदा वाचली, आणि पेन बंद केलं.